नदीकांठच्या शिवा व त्यांचे कागद

जुन्या दप्तरांतून वतनाचे महजर, इनामाच्या सनदा व मोहिमांचीं पत्रें संग्राहक आवडीनें निवडून घेतो. परंतु दोन गांवांच्या शिवेच्या कजियाचा कागद हातीं आला तर तो बहुधा किरकोळ म्हणून बाजूस पडतो. त्यांतही शीव नदीची असली म्हणजे, नदी कोठें वाहते हें सर्वांस दिसत असतां कागदाची गरज काय, असें वाटून त्याची उपेक्षा अधिकच होते. वास्तविक स्थिति याच्या उलट आहे. डोंगराची किंवा बांधाची शीव जागेवर जाऊन पाहतां येते. नदीची शीव मात्र कागदावांचून कळतच नाहीं. कारण, कागदांत लिहिलेली नदी व आज वाहणारी नदी या पुष्कळदां एक नसतात. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील नद्यांच्या आधारें ही गोष्ट स्पष्ट करावी, आणि असे कागद कसे वाचावे व कसे जतन करावे हें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. जिल्ह्याच्या कडेच्या नद्या

नगर जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु त्याची सीमा पुष्कळ अंशीं पाण्यानेंच आंखलेली आहे. उत्तरेस व ईशान्येस गोदावरी, दक्षिणेस भीमा, नैर्ऋत्येस घोड व कुकडी, आणि पूर्वेकडे कांहीं अंतरापर्यंत सीना, अशी ही रचना आहे. गोदावरी कोपरगांव व पुणतांबें यांवरून येते; टोकें येथें तिला प्रवरा मिळते; आणि तेथून ती मुंगी-पैठणाकडे जाते. यांपैकीं बऱ्याच मोठ्या टप्प्यांत उजवा कांठ नगरचा व डावा कांठ औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगरचा) आहे. या कांठच्या प्रदेशास जुन्या कागदांत गंगथडी म्हणतात. आपल्याकडे ‘गंगा’ म्हणजे गोदावरी, हें नवशिक्या वाचकानें प्रथम ध्यानांत ठेवावें.

उभय कांठांची ही वांटणी केवळ दोन जिल्ह्यांची नव्हती. १७५९ मध्यें नगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, तरी निजामाचे व पेशव्यांचे महाल या भागांत एकमेकांत मिसळलेले होते. १८१८ मध्यें पेशवाई बुडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. आणि १८२२ च्या तहांत निजामानें नगर जिल्ह्यांतील व सीनेच्या उजव्या कांठचे आपले महाल सोडून दिल्यावर या नद्यांस सरहद्दीचें स्वरूप आलें. तेव्हांपासून १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील होईपर्यंत गोदावरीच्या एका तीरावर मुंबई सरकारचा व दुसऱ्या तीरावर निजामाचा अंमल राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि जी दोन सत्तांची सरहद्द होती ती दोन जिल्ह्यांची शीव झाली. सारांश, या नदीच्या कांठची एखादी मळई कोणाची, हा प्रश्न कधीं दोन कुणब्यांचा, कधीं दोन गांवांचा, तर कधीं दोन दरबारांचा होता.

सर्व नद्या सारख्या नसतात, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. पारनेर तालुक्यांतील निघोज व शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी यांच्यामधून कुकडी काळ्या पाषाणांत रांजणखळगे कोरीत वाहते. तेथें नदीचें पात्र माणसांच्या पिढ्यांच्या मापानें पाहतां स्थिर आहे. ‘शीव कुकडीची’ एवढे शब्द पुरे होतात. गोदावरीच्या मळीच्या जमिनींत तसें होत नाहीं. वळणाच्या बाहेरच्या कांठावर प्रवाह आपटून दरड कोसळते, आणि आंतल्या बाजूस वाळू व गाळ बसून नवी जमीन तयार होते. हीच मळई. पूर मोठा असला तर नदी आपलें पात्र सोडून दुसरीकडून वाट काढते, आणि दोन धारांमध्यें बेट राहतें. कोपरगांवास तर ‘बेट’ हेंच एका वस्तीचें नांव होऊन बसलें आहे. म्हणून शिवेचा कागद पाहतांना पहिला प्रश्न हा कीं, नदी खडकांतली कीं मळीतली? मळीतली असेल तर कागदाची किंमत शतपट वाढली असें समजावें.

२. शास्त्रांतील नदी

सीमाविवाद हें आपल्या धर्मशास्त्रांतील अठरा व्यवहारपदांपैकीं एक पद आहे. मनूनें आठव्या अध्यायांत सीमेच्या खुणा दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत : वड, पिंपळ, तळीं, विहिरी, देवळें या उघड खुणा, आणि जमिनींत पुरून ठेवलेले दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे, वाळू या गुप्त खुणा. सीमेचा निर्णय ज्येष्ठांत, खुणा स्पष्ट दिसत असतां करावा, असेंही तेथें सांगितलें आहे. नदीकांठच्या माणसास यांतील मर्म सांगावें लागत नाहीं. ज्येष्ठाच्या आरंभीं गोदावरीचें पाणी सर्वांत कमी असतें, जुनें पात्र उघडें पडतें, आणि मृगाचा पाऊस अद्याप व्हावयाचा असतो. खुणा सांपडत नसल्या तर शेजारच्या गांवचे लोक, वृद्ध, गुराखी व सीमेवर नांगर धरणारे यांनीं तांबडीं वस्त्रें व माळा घालून, डोक्यावर माती घेऊन, सीमा चालून दाखवावी, असें याज्ञवल्क्य म्हणतो.

परंतु नदींत कोण चालून दाखवणार, आणि वाहत्या पाण्यांत कोळसे कोठें पुरणार? याचें उत्तर बृहस्पतीनें दिलें आहे. त्याचा समग्र ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं उतरून घेतलेल्या वचनांवरून त्याचें मत कळतें. त्याचा आशय असा : मोठ्या नदीनें एका गांवची जमीन काढून दुसऱ्यास दिली तर ती ज्यास मिळाली त्याचीच, कारण दैवानें व राजानें दिलेलें परत घेऊं म्हटल्यास व्यवहारच चालणार नाहीं. दोन गांवांमध्यें नदी ही शीव ठरली असेल तर लाभ-हानीकडे पाहून ती शीव बदलूं नये. एका तीरास तूट आली व दुसऱ्या तीरास वाढ झाली तर ती वाढ त्या तीराकडून हिरावून घेऊं नये. मात्र शेतांत पीक उभें असतां नदीनें तें शेत तोडून पलीकडे टाकलें, तर पूर्वीच्या धन्याचा हक्क राखावा.

या वचनांत शिवेची एक निश्चित कल्पना आहे. येथें शीव ही जमिनीवरील रेषा नसून खुद्द नदीच शीव आहे. ती जेथें जाईल तेथें शीव जाईल. अशा शिवेस सोयीसाठीं ‘चालती शीव’ म्हणूं. मात्र शेवटच्या नियमावरून दिसतें कीं, हळू हळू झालेली वाढ व एकदम झालेला तोड यांतील भेद शास्त्रकारास माहीत होता. रोमन कायद्यांतही हाच भेद केलेला आहे. गंगथडीचा कुणबी व टायबरकांठचा शेतकरी एकाच प्रश्नाशीं झगडत होते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

३. गोतानें ठरविलेली शीव

मराठी अंमलांत शिवेचा कजिया कसा चाले, हें वाचकांस सामान्यतः परिचित आहे. तरी कागदांचीं नांवें ध्यानांत यावीं म्हणून तो क्रम थोडक्यांत देतों. उभय गांवांचे पाटील थळास रुजू होऊन आपापला करीना लिहून देत; निवाडा होईल तो मान्य करूं असे राजीनामे व जामीनकतबे होत; मग देशमुख, देशपांडे, शेजारच्या गांवचे मोकदम व समस्त पांढरी यांच्या साक्षी होत. साक्षीनें निकाल न लागला तर दिव्य, किंवा शीव चालून दाखविण्याचा प्रकार. या कामीं गांवच्या महाराचा शब्द फार मोठा मानीत, कारण शीव राखणें हें त्याच्या वतनाचेंच काम होतें. डोक्यावर माती किंवा जनावराचें कातडें घेऊन तो चालेल ती शीव. शास्त्रांतील ‘डोक्यावर माती’ ही येथें प्रत्यक्ष आचारांत उतरलेली दिसते. शेवटीं महजर किंवा निवाडपत्र होई. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरी व यजितपत्र लिहून देई.

एका कजियाचे असे पांचसहा कागद होत असल्यामुळें, एकटा महजर हातीं आला म्हणजे काम संपलें असें समजूं नये. नदीच्या प्रकरणांत तर महजरापेक्षां करीने अधिक उपयोगी. महजरांत निर्णय असतो. करीन्यांत ‘अमुक सालीं पूर आला, धार अमुक बाजूस पडली, तेव्हांपासून ते आमची मळई वाहतात’ अशा तऱ्हेची हकीकत पक्षकार सांगतो. नदीचा इतिहास मिळावयाचा तो करीन्यांतच. हरणाऱ्याचा करीना तर विशेष जपावा. कारण जिंकणाऱ्याचे कागद त्याच्या घरीं राहतात, हरणाऱ्याचे बहुधा कोणी ठेवीत नाहीं.

४. साखळीची शीव

इंग्रजी अंमलांत शिवेच्या कल्पनेतच फरक पडला. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापुराकडे सुरूं केलेली मोजणीची पद्धत पुढें दख्खनच्या सर्व जिल्ह्यांत पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एका चौरस साखळीचा एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एकर, या मापानें शेतन् शेत मोजून दगड रोंवले गेले. टिपण, वसलेवार, आकारबंद व गांवनकाशा हे कागद तयार झाले. नदीचें पात्र आकाराबाहेर राहिलें, आणि नंबरांतील नापीक तुकडे पोटखराब्यांत पडले. आतां शीव म्हणजे दगडापासून दगडापर्यंत मोजलेली रेषा झाली. नदी सरकली तरी रेषा सरकत नाहीं. हिला आपण ‘बसलेली शीव’ म्हणूं. गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर निजामाच्या राज्यांतही पुढें मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली. परंतु एकाच नदीच्या दोन तीरांची मोजणी दोन सरकारांनीं वेगवेगळ्या वेळीं केल्यास, मधलें पात्र दोन्ही नकाशांच्या कडेस पडतें, हें सहज समजण्यासारखें आहे.

कायद्याची स्थिति अशी होती. बंगाल्यांत नदीनें आणलेल्या व नेलेल्या जमिनीसंबंधानें १८२५ चें अकरावें रेग्युलेशन होतें. तें मुंबई इलाख्यास लागू नव्हतें. मुंबईकडे १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या २६ व्या कलमानें न्यायाधीशास एवढेंच सांगितलें कीं, स्पष्ट कायदा नसेल तेथें देशाची वहिवाट पाहावी, वहिवाट नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्विवेकबुद्धि. म्हणजे वहिवाटीस पहिलें स्थान मिळालें. आणि वहिवाट सिद्ध करावयाची ती पेशवाईंतील महजर व करीने यांवरूनच. जुन्या कागदांस नव्या न्यायालयांत असा प्रवेश मिळाला.

१८७९ च्या मुंबईच्या जमीन महसुलाच्या कायद्याच्या ३७ व्या कलमानें समुद्राचें भरतीच्या रेषेखालचें तळ, खाड्या, नद्या, ओढे व तळीं यांचीं पात्रें, दुसऱ्याची मालकी सिद्ध न झाल्यास, सरकारचीं ठरलीं. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमांत, सरकारकडे येणारी मळईची जमीन कलेक्टरास द्यावयाची झाली तर ती प्रथम लगतच्या कांठाच्या खातेदारास देऊं करावी, व तिची किंमत वार्षिक आकाराच्या तिपटीहून अधिक घेऊं नये, असें सांगितलें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत हींच तत्त्वें पुढें चाललीं : पात्रें २० व्या कलमानें सरकारचीं; मळईची वाढ एक एकरापर्यंत असेल तर लगतच्या खातेदारास तिचा तात्पुरता उपभोग; आणि अर्ध्या एकराहून कमी नसलेली जमीन नदीनें नेली तर आकारांत सूट. येथें एक बारकावा संशोधकानें लक्षांत घ्यावा. ‘जी मळई कायद्यानें सरकारकडे येते’ तिची विल्हेवाट या कलमांत आहे. ती केव्हां सरकारकडे येते व केव्हां कांठच्या धन्याकडे राहते, हा मूळ प्रश्न कलमाबाहेरच राहतो. त्याचें उत्तर वहिवाट व न्यायतत्त्वें यांतून शोधावें लागतें.

न्यायतत्त्वांपैकीं दोन प्रमुख होत. डोळ्यांस दिसणार नाहीं इतकी हळू हळू झालेली वाढ लगतच्या धन्याची, हें तत्त्व इंग्लंडांत लिंकनशायरच्या समुद्रकांठच्या एका दाव्यांत १८२८ मध्यें उमरावांच्या सभेनें पक्कें केलें. दुसरें तत्त्व भागलपूरकडील गंगेच्या कांठच्या लोपेझ विरुद्ध मदनमोहन ठाकूर या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १८७० मध्यें सांगितलें : नदीनें गिळलेली जमीन पुढें त्याच जागीं वर आली, व ती तीच जागा आहे अशी ओळख पटली, तर ती मूळ धन्याची. या ‘ओळख पटली’ शब्दांतच आमच्या विषयाचें सार आहे. बुडालेल्या जमिनीची ओळख झाड, बांध किंवा विहीर देऊं शकत नाहीं. तीं सर्व वाहून गेलेलीं असतात. ती ओळख कागदच देतो.

५. एक काल्पनिक उदाहरण

वरील भेद स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊं. नदीच्या दक्षिणेस एक गांव व उत्तरेस दुसरें. तीस वर्षांत नदी उत्तरेकडे सरकली आणि दक्षिण कांठास बारा एकरांची मळई लागली. चालत्या शिवेप्रमाणें ती दक्षिणेच्या गांवची. बसलेल्या शिवेप्रमाणें गांवाची हद्द जुन्या दगडांच्या रेषेवरच राहिली. म्हणून त्या रेषेपलीकडील मळई दक्षिण कांठास लागून असूनही उत्तरेच्या गांवच्या शिवारांत मोडते. आतां समजा कीं हा फरक तीस वर्षांत न होतां भाद्रपदांतील एका पुरानें एका रात्रींत झाला, व उत्तरेच्या गांवचें उभें पीक असलेलें शेत नदीच्या दक्षिणेस पडलें. मग बृहस्पतीच्या वचनानेंही धनी बदलत नाहीं. आणि तीच जमीन पूर्वी दक्षिणेच्या गांवची असून वाहून गेलेली व पुन्हा वर आलेली असेल, तर लोपेझच्या निवाड्यानें दक्षिणेच्या गांवचा मूळ धनी पुढें येतो.

जमीन तीच, नदी तीच. निकाल मात्र तीन तऱ्हेचे. कोणता लागू, हें तीन गोष्टींवर ठरतें : मूळ ठरावांत शीव नदीची होती कीं खुणांची, बदल हळू झाला कीं एकदम, आणि जागा पूर्वीं कोणाची होती. यांपैकीं एकही गोष्ट आजची नदी पाहून कळत नाहीं. पुष्कळ कजियांचें मूळ असें आहे कीं, चालत्या शिवेचा कागद बसलेल्या शिवेच्या नकाशाबरोबर ठेवून वाचला जातो, आणि दोहोंपैकीं एक खोटा असला पाहिजे असें पक्षकार समजतात. दोन्ही खरे असूं शकतात.

६. जलाशयाची शीव

विसाव्या शतकांत शिवेचा तिसरा प्रकार उत्पन्न झाला. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्यें झाली व १९७६ मध्यें तें पुरें झालें. त्याच्या नाथसागराखालीं नेवासें व शेवगांव तालुक्यांतील गोदाकांठ गेला. भीमेवर १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें होऊन त्याचें पाणी कर्जत तालुक्याच्या कांठाशीं आलें. अशा जलाशयाची हद्द प्रवाहावर नसते व जुन्या दगडांवरही नसते. ती पाण्याच्या ठरीव पातळीवर असते. नाथसागराची पूर्ण संचयाची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट आहे. पाणी ओसरल्यावर पातळीखालची जी जमीन उघडी पडते तीस गाळपेर म्हणतात. ती वार्षिक पट्ट्यानें लागवडीस दिली जाते, आणि तीवर हक्क सांगतांना धरणांत जमिनी गेलेल्यांचीं घराणीं आपल्या जुन्या शेतांचीं ठिकाणें दाखवूं पाहतात.

ही ‘समपातळीची शीव’ समुद्रकांठच्या शिवेसारखीच आहे. कोंकणांत खाजणाच्या व खाराच्या जमिनीचे तंटे भरतीच्या रेषेवरून होतात. भरती कोणती, अमावास्या-पौर्णिमेची कीं मधली, या प्रश्नावर इंग्लंडांत १८५४ मध्यें मध्यम भरतीची रेषा प्रमाण ठरली. त्या रेषेपलीकडे, खुद्द समुद्रांत खुंट रोंवून जाळीं लावण्याच्या हक्काचा कोळ्यांच्या दोन पक्षांतील वाद १८७६ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें ऐकला. समुद्राची रेषा दिवसांतून दोनदां दिसते. जलाशयाची वर्षांतून एकदां. भेद एवढाच कीं, समुद्राखालीं कोणाचें शेत नव्हतें. नाथसागराखालीं पिढ्यान् पिढ्यांचीं शेतें, शिवा व गांवठाणें आहेत. तेथें कांठ उरलेला नाहीं. त्या कांठाचें अस्तित्व आतां केवळ कागदांत आहे.

वाळूमुळें या जुन्या प्रश्नास नवें तोंड फुटलें आहे. ज्या पात्रांत पूर्वी उन्हाळ्यांत टरबुजांच्या वाड्या होत, त्या पात्रांतील वाळू आतां मोलाची झाली. आणि दोन तालुक्यांची किंवा दोन जिल्ह्यांची शीव पात्रांत नेमकी कोठें, या प्रश्नास पैशाचें महत्त्व आलें.

७. कागद वाचण्याची रीत

आतां संग्राहकांच्या उपयोगाच्या कांहीं सूचना.

पहिली, चतुःसीमेंतील शब्द अक्षरशः घ्यावा. ‘उत्तरेस गंगा’ म्हणजे नदीच शीव. ‘उत्तरेस गंगेची थडी’ म्हणजे कांठ ही शीव, व पात्र हद्दीबाहेर. ‘गंगेपलीकडील चिंच’ म्हणजे पात्र ओलांडून गेलेली, खुणेवर बसलेली शीव. डोह, उतार, बेट, मळई, दांड, जुनी धार, नवी धार हे शब्द मोडींतून बालबोध करतांना ‘नदी’ या एका शब्दांत गुंडाळूं नयेत. सारांश देणाऱ्या सूचींत हा दोष फार आढळतो.

दुसरी, मिति काळजीपूर्वक काढावी. शुहूर सन मृगास सुरूं होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ मिळवावे, व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००. इहिदे सबैन मया व अलफ, म्हणजे ११७१, या सालांतील भाद्रपद १७७० चा, व वैशाख १७७१ चा. हा वैशाख चुकून १७७० चा धरला, तर मधल्या पावसाळ्याच्या पुरानंतरचा कागद पुराआधींचा ठरतो, आणि ‘पुरानें शीव बदलली’ हें म्हणणें एका चुकीनें खरें किंवा खोटें होतें. राजकीय इतिहासांत एका वर्षाची चूक क्षम्य ठरेल. नदीच्या इतिहासांत ठरणार नाहीं.

तिसरी, साक्षी व निशाण्या मोजाव्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा इत्यादि निशाण्या उभय गांवांच्या आहेत कीं एकाच गांवच्या, हें नोंदावें. एकाच तीरावरच्या साक्षींनीं झालेला नदीचा महजर दुसऱ्या तीरास बांधील म्हणतां येत नाहीं. कागदाच्या सांध्यांवरील शिक्के सलग आहेत कीं मध्यें नवा बंद चिकटविला आहे, तेंही पाहावें. नक्कल असल्यास नक्कल असेंच लिहावें.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. ती जतनासंबंधीं आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमानें, तीस वर्षांपूर्वींचा दस्तऐवज योग्य ताब्यांतून आला असतां त्याची सही व अक्षर खरें असें न्यायालयास मानतां येत असे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही हा तीस वर्षांचा नियम कायम आहे. ‘योग्य ताबा’ म्हणजे तो कागद जेथें स्वाभाविकपणें असावयाचा तेथें असणें : पाटलाच्या घरीं, कुळकर्ण्याच्या दप्तरांत, देवस्थानाच्या पेटींत. संग्राहक जेव्हां एकादा महजर रद्दीवाल्याकडून विकत घेतो आणि त्याचें मूळ ठिकाण न लिहितां पेटींत घालतो, तेव्हां कागद वांचतो खरा, पण त्याची साक्ष मरते. इतिहासकारास तो कांहीं उपयोगी पडेल. ज्या गांवचा तो आहे त्या गांवास तो न्यायासनापुढें उभा करतां येणार नाहीं. म्हणून कागद कोणत्या घराण्याकडून, कोणत्या गांवीं, कोणत्या तारखेस व कोणत्या रुमालांतून मिळाला, आणि त्या रुमालांत त्याच्या शेजारीं कोणते कागद होते, हें मिळाल्या दिवशींच लिहून ठेवावें. शक्य तर मूळ त्या घरींच राहूं देऊन नक्कल व छायाचित्र घ्यावें. रुमाल फोडून चांगले कागद निवडणें व बाकीचे टाकणें, ही रीत तर सर्वथा सोडावी. शिवेचे करीने बहुधा त्या टाकलेल्यांतच असतात.

८. उपसंहार

गोदावरी व भीमा यांच्या कांठच्या शिवेच्या कागदांची गांववार यादी होणें अवश्य आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारांतील पेशवे दफ्तर, नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांतील मोडी कागद, भूमि-अभिलेख खात्यांतील जुनीं टिपणें, व गंगथडीच्या पाटील-कुळकर्ण्यांचीं खासगी दप्तरें, अशीं चार ठिकाणें त्यासाठीं धुंडाळलीं पाहिजेत. यादींत प्रत्येक कागदापुढें गांव, समोरच्या तीराचें गांव, मिति, शिवेचा मूळ शब्द जसाच्या तसा, आणि कागद मिळाल्याचें ठिकाण, हे पांच रकाने असले तरी प्रथम पुरे. नाथसागराच्या तळीं गेलेल्या गांवांपासून आरंभ करावा. तेथील घराणीं विस्थापित होऊन अर्धशतक झालें; त्यांच्याबरोबर गेलेल्या पेट्या नव्या घरांत एकेक करून उघडल्या जात आहेत, कांहीं विकल्या जात आहेत. नदीनें नेलेली जमीन कधीं परत येते. जळालेला किंवा ठिकाण हरवलेला कागद येत नाहीं. ज्या सभासदांपाशीं नदीकांठच्या शिवेचे असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला, मिळाल्याच्या ठिकाणासह, प्रसिद्धीसाठीं पाठवाव्या, अशी विनंती आहे.